सात माणसांची मोटार कोणत्या वर्गात?

बाजार करायचा आहे. आजीला दवाखान्यात न्यायचे आहे. लग्नाला सगळ्या घराने जायचे आहे. एवढी कामे एकाच गाडीने व्हावीत, असे कुणाला वाटणार नाही? म्हणून तर सात माणसांच्या लहान मोटारी गावोगाव दिसू लागल्या. मागचा बाक दुमडला की माणसांच्या जागी पोती बसतात. बाजारात अशा गाडीला एम. पी. व्ही. म्हणतात. म्हणजे अनेक कामांची गाडी.

ही कल्पना तशी जुनी. 1984 साली मारुती व्हॅन आली. पुढे तिलाच ओम्नी म्हणू लागले. दिसायला चौकोनी डबा, पण कामाची मोठी! तिच्यातून माल गेला, मुले शाळेत गेली, आजारी माणसेही गेली. 2019 साली ती बनवणे बंद झाले.

आता मंडळी, अशी गाडी 'लहान' की 'मोठी'? तुम्ही म्हणाल, माणसे मोजा. पण सरकारचा कर माणसे मोजत नाही. तो लांबी मोजतो आणि इंजिन मोजतो. लांबी चार मीटरच्या आत हवी. चार मीटर म्हणजे तेरा फुटांहून जरासे जास्त, नऊ हातांना थोडे कमी. शिवाय पेट्रोलचे इंजिन 1200 सी. सी. पर्यंत किंवा डिझेलचे 1500 सी. सी. पर्यंत हवे. दोन्ही अटी पाळल्या तरच गाडी लहान. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाडीवर 18 टक्के कर आहे, मोठीवर 40 टक्के. कर सोडून गाडीची किंमत पाच लाख धरा. लहान गाडीला कर 90,000 रुपये, मोठीला दोन लाख. फरक झाला 1,10,000 रुपयांचा!

रेनॉ कंपनीची ट्रायबर पाहा. सात जागा आहेत, पण लांबी चार मीटरला एक-दोन सेंटीमीटर कमीच ठेवली आहे. ती लहान ठरते. मारुतीच्या अर्टिगालाही सातच जागा. पण लांबी चार मीटरच्या पुढे आणि इंजिन 1462 सी. सी. चे. ती मोठी ठरते. कंपन्या मोजपट्टी हातात घेऊनच गाडी आखतात, असे आम्हाला वाटते. अर्थात, लांबी वाचवली की कुठेतरी अडचण होणारच. ट्रायबरमध्ये सातही माणसे बसली तर सामानाला 84 लिटर जागा उरते. म्हणजे तेलाचे पंधरा लिटरचे पाच डबे. मागची आसने काढून ठेवली की हीच जागा 625 लिटर होते. सात माणसे आणि सात माणसांचे सामान, दोन्ही एका वेळी मावेल असे समजू नका.

आता खरी जपून राहण्याची गोष्ट. गाडीची पाटी पाहा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर गाडी खाजगी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर भाड्याची. गाडी तीच, पण कायद्याने वर्ग वेगळा. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून शेजाऱ्याला फुकट नेले तर हरकत नाही. पण बाजाराच्या दिवशी माणशी पैसे घेऊन वडाप सुरू केली, तर तो गुन्हा. परवान्यावाचून भाडे मारल्यास 10,000 रुपये दंड सांगितला आहे, कैदही होऊ शकते. दंड एक वेळ भरता येईल. पण अपघात झाला तर? विमा खाजगी वापराचा असतो. भाडे मारताना गाडी उलटली, तर विमा कंपनी गाडीचे नुकसान नाकारू शकते. जखमी माणसाची भरपाईही मालकाच्या अंगावर येऊ शकते. मग शेत विकायची पाळी येते.

भाड्याच्या गाडीतही भेद आहे. चालक सोडून सहा उतारूंपर्यंत मोटार कॅब. सहाच्या वर, बारापर्यंत मॅक्सी कॅब. गाडीच्या नोंदणीपत्रावर जागांचा आकडा असतो, त्यात चालकही धरलेला असतो. तिथे 7 असेल तर उतारू सहाच.

धंदाच करायचा असेल, तर आर. टी. ओ. कचेरीत अर्ज करून गाडीचा वर्ग बदलून घेता येतो. मग परवाना काढावा लागतो, विमा नवा घ्यावा लागतो आणि गाडी ठराविक मुदतीने पासिंगला न्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती घ्यावी.