साइटवरची पहिली नोकरी : काय करावे, काय टाळावे

बांधकामात एक तर इंजिनिअर, नाहीतर बिगारी, अशी बहुतेक घरांत समजूत असते. साइट मात्र चालते ती मधल्या माणसांवर : सर्व्हेअर, फोरमन, बिलिंगवाला, क्वालिटीवाला, स्टोअरवाला. नव्या पोरांनी पाहायच्या जागा याच.

काय करावे

• बिलिंग शिकून घ्या. हे काम कारकुनी समजून मुले टाळतात, आणि ठेकेदारांना तेच हवे असते. ड्रॉइंगवरून सळईचे बीबीएस (कापण्या-वाकवण्याचा तक्ता) काढता आले पाहिजे, आरए बिलातले (चालू कामाच्या बिलातले) माप जागेवर जाऊन पडताळता आले पाहिजे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून 162 ने भागला की सळईचे मीटरमागे वजन किलोत मिळते. 12 मिमीला सुमारे 0.89 किलो. एवढे तोंडपाठ असले तरी गाडीतून उतरलेला माल आणि चलन जुळते का, ते उभ्या उभ्या कळते.

• गवंडी, फिटर, सेंट्रिंगवाले यांना ‘मिस्त्री’ म्हणून मान द्या आणि शिका. लेव्हल ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की लेव्हल चुकते, हे वर्गापेक्षा त्यांच्याकडे लवकर समजते.

• डिप्लोमाला कमी लेखू नका. पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तोही साइट पाहून झाल्यावर.

• सेफ्टीचा करिअर म्हणून विचार करा. मोठ्या साइटवर सुरक्षा अधिकारी नेमणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

• हाताखालच्या कामगारांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, ते विचारा. वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम, एवढी मूळ अट आहे.

काय टाळावे

• स्लॅब ओतून झाला की काम संपले, असे समजू नका. काँक्रीटला ताकद येते ती सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने, वाळल्याने नव्हे. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा टिकला पाहिजे. ‘पाणी मार रे’ एवढे सांगून निघून जाणारे साहेब पुष्कळ आहेत.

• ऑटोकॅडच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका.

• ‘मुलींनी साइटवर जाऊ नये’ हा सल्ला मानू नका. विचारायचे ते वेगळेच : साइटवर स्वच्छतागृह आहे का, आणि रात्री उशिरा स्लॅब संपला तर घरी सोडायला गाडी मिळते का? हे प्रश्न मुलाखतीतच विचारा. उत्तर देताना समोरचा गडबडला, तर दुसरी कंपनी बघा.

• आखातातल्या नोकरीसाठी टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा.

• क्यूब रजिस्टरवर (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांच्या नोंदवहीवर) आगाऊ सही करू नका. 28 दिवसांचा क्यूब फुटायच्या आधीच निकाल लिहून ठेवायची काही ठिकाणी रीत असते. ‘सगळे असेच करतात’ म्हणून दबाव आला, तर तारीख आणि खरा आकडा आपल्या डायरीत टिपा आणि वरिष्ठांना लेखी कळवा.