पत्त्यांची पुस्तकं विकायची आहेत? आधी वजाबाकी करा

तिर्रट या पत्त्यांच्या जुगाराच्या डावावर छापा, रोख रक्कम आणि मोटारसायकली जप्त, ही बातमी अंबड तालुक्यातल्या वाचकाला तोंडपाठ असते. जुगारात गेलेला पैसा परत येत नाही, हेही इथे कुणाला नव्याने सांगायला नको. पण जुगारावर, पत्त्यांवर लिहिलेल्या जुन्या पुस्तकांना जगभर संग्राहक आहेत आणि ते चांगले पैसे मोजतात, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. वडीगोद्रीसारख्या महामार्गावरच्या गावातही निवृत्त होऊन परतलेला फौजी, कारखान्यातले जुने इंजिनिअर किंवा मुंबईत नोकरी केलेले काका यांच्या कपाटात ब्रिज, रमी, पोकरवरची इंग्रजी पुस्तकं निघू शकतात. घर आवरताना ती दहा-पंधरा रुपये किलोने रद्दीत जातात. तसं होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. पुस्तक विकताना आणि पोकरची हौस करतानाही छापील आकड्याला भुलू नका. सगळं वजा जाता हातात काय पडतं, ते बघा.

कपाटात आहे ते नेमकं काय?

पुस्तक उघडून मुखपृष्ठानंतरचं, प्रकाशकाची माहिती असलेलं पान बघा. अमेरिकी पुस्तकांत तिथे बहुधा आकड्यांची एक ओळ असते. त्या ओळीत १ हा आकडा असेल तर सहसा ती पहिली छपाई. तो गळलेला असेल तर पुनर्मुद्रण. जुन्या पुस्तकांत ही ओळ नसते, तिथे साल आणि प्रकाशकाचं नाव जुळवावं लागतं.

काही नावं लक्षात ठेवा. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाचं ‘बीट द डीलर’ १९६२ मध्ये आलं. १९६६ ची सुधारित आवृत्ती आणि त्यानंतरच्या कागदी बांधणीच्या प्रती मुबलक आहेत, मोल आहे ते १९६२ च्या प्रतीला. डॉइल ब्रन्सनने १९७८ मध्ये स्वतः छापलेलं पोकरचं पुस्तक पुढे ‘सुपर सिस्टिम’ या नावाने गाजलं. पहिल्या छपाईवर हे नाव नाही, दहा लाख डॉलर कमावल्याचं सांगणारं लांबलचक नाव आहे. हर्बर्ट यार्डलीचं ‘द एज्युकेशन ऑफ अ पोकर प्लेयर’ १९५७ चं. ‘एर्डनेस’ या टोपणनावाने निघालेलं पत्त्यांच्या हातचलाखीचं पुस्तक १९०२ चं, पण त्याची इतकी पुनर्मुद्रणं झाली आहेत की हाती लागलेली प्रत मूळ असण्याची शक्यता फार कमी.

आपल्याकडचा मालही आहे. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफांवर, म्हणजे जुन्या भारतीय पत्त्यांवर, आयुष्यभर काम केलं. त्यांचं ‘गंजिफा’ हे पुस्तक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ च्या प्रदर्शनानिमित्त काढलं. औरंगाबादच्या हरिकृष्ण शास्त्रींनी १८७१ मध्ये संस्कृतात ‘क्रीडाकौशल्य’ रचलं, त्यात बुद्धिबळासह कितीतरी खेळ आहेत. त्याची जुनी छापील प्रत मराठवाड्यातल्या एखाद्या ज्योतिषाच्या किंवा शास्त्रीबुवांच्या घरी पोथ्यांत मिसळलेली असू शकते.

पुस्तकाबरोबर सावंतवाडीच्या गोल गंजिफा निघाल्या तर आधी मोजा. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं असतात. मोगल पद्धतीच्या संचात ९६. एक पान कमी असलं तरी किंमत झपकन उतरते.

किंमत कशाने चढते, कशाने पडते?

वरचं सुटं कागदी वेष्टन जागेवर आहे का, हे संग्राहक सगळ्यात आधी विचारतो. आपण तेच फेकून देतो आणि पुस्तकाला खाकी कव्हर घालतो. वेष्टन असेल तर अर्धी लढाई जिंकलीत.

मग पुस्तक उजेडात आडवं धरा. कडेला बारीक वळणावळणाची भोकं दिसली तर कसर लागली आहे. पानावर तपकिरी ठिपके म्हणजे ओल. आत ‘सप्रेम भेट’ असं लिहिलेलं असलं तर किंमत थोडी घटते, पण लेखकाचीच सही निघाली तर ती कितीतरी पट होते. वाचनालयाचा शिक्का असेल तर थांबा. पुस्तक रद्दबातल करून विकल्याची नोंद नसेल, तर ते वाचनालयाचंच आहे.

साफसफाईच्या नादात खर्च करू नका. नवी बांधणी, लॅमिनेशन, चिकटपट्टी या तिन्हींनी संग्राहकाच्या लेखी पुस्तक बाद होतं. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, दोन दिवस सावलीत हवेशीर ठेवा, पुरे. डांबरगोळ्या टाकू नका, तो वास वर्षानुवर्षं जात नाही.

फुटपाथवर मिळालेल्या पातळ कागदाच्या, पुसट छपाईच्या प्रती बहुतेक चोरट्या आवृत्त्या असतात. त्यांना संग्राहक नाही आणि त्या विकणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे.

कुठे विकाल, कोण किती कापेल?

*जुन्या पुस्तकांचा व्यापारी.* मुंबईत फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवाले, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि जुना बाजार. रोख मिळते, कटकट नाही. पण व्यापारी स्वतः ज्या किमतीला विकणार त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच देतो. त्याचीही चूक नाही, पुस्तक त्याच्याकडे वर्षभर पडून राहू शकतं. एका पुस्तकासाठी एसटीने पुणं गाठलंत तर भाडं आणि जेवणातच नफा संपतो. आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, आकडा ठरवा, मगच निघा.

*फेसबुकवरचे जुन्या पुस्तकांचे गट, ओएलएक्स.* कमिशन बहुधा शून्य, पण घासाघीस भरपूर. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय पुस्तक हातातून सोडू नका. पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, असं कुणी म्हणालं तर तो ठग समजा, पिन फक्त पैसे देताना लागतो. फसलात तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

*परदेशी संकेतस्थळं.* ईबे, अ‍ॅबेबुक्स. खरा संग्राहक इथे भेटतो. ईबेवर पुस्तकांसाठी साधारण पंधरा टक्के कमिशन जातं आणि ते टपालखर्च धरून एकूण रकमेवर लागतं. वर डॉलरचे रुपये करतानाची घट वेगळी.

*लिलावगृह.* मुंबईत अ‍ॅस्टागुरू, सॅफ्रनआर्ट यांसारखी आहेत, पण तिथे फार दुर्मीळ वस्तूच घेतल्या जातात. विक्रेत्याचं कमिशन, विमा, फोटोचा खर्च हे करारात आधी वाचून घ्या.

भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेली किंमत धरू नका. ईबेवर ‘विकले गेलेले’ असा पर्याय निवडून प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा. मागणाऱ्याला काय, तो पन्नास हजारही लिहील.

टपाल आणि बांधणी

पूर्वीची रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट कुठे पोचलं ते कळतं, पण ते जमिनीच्या मार्गाने जात असल्याने वेळ लागतो. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं, व्यापारी मजकूर आणि जाहिराती चालत नाहीत. गंजिफांच्या इतिहासाचं पुस्तक यात सहज बसेल. ‘पोकरमध्ये कसं जिंकावं’ असलं पुस्तक काउंटरवर अडू शकतं, तेव्हा गिऱ्हाइकाला टपालखर्च सांगण्याआधी पोस्टात विचारून घ्या.

महागडं पुस्तक स्पीड पोस्टनेच पाठवा. साधं रजिस्टर २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे. ज्याच्या नावे आहे त्यालाच मिळावं म्हणून नोंदणीची जादा सेवा घ्या.

बांधणीचा खर्च पुस्तकामागे ४० ते ८० रुपये धरा. आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग बबलचं आवरण, दोन्ही बाजूंनी पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे आणि शेवटी खोकं. किराणा दुकानातून आणलेलं बिस्किटाचं खोकं कापलं तर पुठ्ठा फुकट. कोपरा दुमडला तर गिऱ्हाईक परत पाठवतं आणि दोन्ही फेऱ्यांचा खर्च तुमच्या अंगावर येतो.

परदेशात पाठवताना

व्यापार म्हणून पाठवायचं तर आयात-निर्यात क्रमांक लागतो. त्याचा सरकारी अर्ज ऑनलाइन आहे, शुल्क ५०० रुपये. एजंट हजारो मागतो, गरज नाही. कागदपत्रांची सोय डाकघर निर्यात केंद्रात होते. अमेरिकेचं पार्सल बुकिंग ऑगस्ट २०२५ मध्ये थांबून ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं, त्यामुळे सौदा करण्याआधी सेवा चालू असल्याची खात्री करा.

मोठी अट पुढे आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा साहित्य, रूढी यांची साक्ष देणारी वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजोबांच्या रंगवलेल्या गंजिफा, जुनं ‘क्रीडाकौशल्य’ यांसाठी गिऱ्हाईक भारतातच शोधा. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या.

एक हिशेब

समजा, एक पुस्तक देशातल्याच गिऱ्हाइकाला टपालासह ३,००० रुपयांना गेलं. संकेतस्थळाचं कमिशन १५ टक्के, म्हणजे ४५०. पैसे वळते करण्याचे २ टक्के, ६० रुपये. बांधणी ६०, स्पीड पोस्ट १२०. एकूण ६९० वजा, हातात २,३१०. हेच पुस्तक व्यापाऱ्याने १,२०० ला घेतलं असतं. पण ३०० रुपयांचं पुस्तक असेल तर टपाल आणि बांधणीतच १८० जातात, कमिशन धरून हातात शंभरही राहत नाहीत. म्हणून स्वस्त पुस्तकं एकगठ्ठा व्यापाऱ्याला द्या आणि हजाराच्या वरची एकेक करून विका.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. घरातली चार पुस्तकं विकणं वेगळं आणि विकत घेऊन विकण्याचा धंदा वेगळा, धंद्याचं उत्पन्न करपात्र ठरतं.

आता खेळायची हौस

पुस्तकं चाळता चाळता पोकर शिकावंसं वाटलं तर स्वस्तातला मार्ग घरात आहे. पत्त्यांचा कॅट कागदी घेतलात तर पन्नास-शंभर रुपये, प्लॅस्टिकचा दीडशे ते तीनशे. चिप्सऐवजी चिंचोके. दोन कॅट आणि पसाभर चिंचोके असले की सहा जणांची दिवाळीची सुट्टी निघते.

तीन पत्ती खेळणाऱ्यांना एक गोष्ट सुरुवातीला हटकून चकवते. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगापेक्षा मोठा, पोकरमध्ये रंग सिक्वेन्सपेक्षा मोठा. कारण निव्वळ गणिताचं आहे. तीन पानांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो आणि रंग १,०९६ प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० प्रकारे आणि रंग ५,१०८ प्रकारे. जे दुर्मीळ ते वरचढ. दुसरा आकडा धीर धरायला शिकवतो: टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. तासाला तीस डाव धरले तर सात तासांहून जास्त वाट बघणं आलं. या वाट बघण्याचं काय करायचं, हेच ती सगळी पुस्तकं शिकवतात.

पैसे लावून खेळायचं म्हणाल, तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. रमी प्रामुख्याने कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं. पोकरबाबत मात्र एकमत नाही, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं. मंदिरामागच्या ओट्यावर पैसे लावून बसलात, तर फौजदाराला हा वाद ऐकवून सुटका होणार नाही.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा मंजूर केला. त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. एखादं अ‍ॅप अजूनही पैसे भरायला सांगत असेल, तर ते पैसे गेले असंच धरून चाला.

गोव्यात मांडवीवरच्या बोटींवर कॅसिनो कायदेशीर आहेत, वय २१ पूर्ण हवं. राज्यात कॅसिनो आणण्यासाठीचा १९७६ चा, कधीच अमलात न आलेला कायदा महाराष्ट्राने २०२३ मध्ये रद्द केला, त्यामुळे इथे वाट बघू नका. गोव्याचा खर्च असा मांडा: प्रवास, मुक्काम, वार आणि हंगामानुसार बदलणारा काही हजारांचा प्रवेश, चिप्सवरचा जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के), पोकरच्या प्रत्येक मोठ्या डावातून कॅसिनोने काढून घेतलेला साधारण पाच टक्के हिस्सा. जिंकलात तर त्यावर सरसकट ३० टक्के आयकर, उपकर धरून ३१.२. हरलेली रक्कम इतर उत्पन्नातून वजा होत नाही. पोकरमध्ये समोरच्यापेक्षा किंचित चांगलं खेळून भागत नाही, ही सगळी कापाकापी भरून काढण्याइतकं चांगलं खेळावं लागतं. म्हणून जत्रेला जाताना नेतो तसे, परत येणार नाहीत असं धरूनच पैसे न्या. कार्ड आणि यूपीआय खोलीवर ठेवा.

उधारी करून खेळणं सुरू झालं, घरी खोटं बोलावं लागतंय, हरलेलं भरून काढायला पुन्हा बसावंसं वाटतंय, अशी वेळ आली तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

विकण्याआधी एवढं करा

१. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, प्रकाशकाचं पान, कणा आणि प्रत्येक दोष यांचे दिवसाच्या उजेडात फोटो काढा. दोष लपवला तर पुस्तक परत येतं.

२. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बांधणीसकट वजन करा, मगच टपालखर्च सांगा.

३. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या किमान तीन किमती टिपून घ्या.

४. शंभर वर्षांहून जुनं, वाचनालयाचा शिक्का असलेलं आणि चोरटी आवृत्ती, असे तीन गठ्ठे बाजूला काढा.

५. पावती, टपालाचा क्रमांक आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं पुस्तक पोचून महिना होईपर्यंत जपून ठेवा.

६. घाईने एकाच भावाला हो म्हणू नका. दोन व्यापारी आणि एक संग्राहक, असे तीन आकडे हातात आले की वजाबाकी करा आणि ज्यात जास्त उरतं तिथे द्या.