एकादशीचे ताट आणि परमुलूख

आमच्या विट्याचे गलाई बंधू सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरले आहेत. घर विट्याला, दुकान तमिळनाडूत नाहीतर बंगालात. गळ्यात माळ असली की एकादशीही बरोबर जाते. सुटीला गावी आले म्हणजे देवळात विचारणा होते : “महाराज, तिकडची मंडळी साबुदाण्याचं पायसम करून सणाच्या पंगतीत वाढतात, आपण तोच उपासाला खातो. खरं कुणाचं?”

दोन्ही खरेच. साबुदाणा धान्य नव्हे. कसावा नावाच्या कंदाचे ते सत्त्व. कंद किसायचा, चीक गाळायचा, तळाशी बसलेल्या पिठाचे दाणे वळून भाजायचे. आपल्याकडे येणारा बराच माल सेलम भागातला. महायुद्धात परदेशची आवक तुटली, तेव्हा १९४३ च्या सुमारास तिथे हा धंदा उभा राहिला.

हा कंद मुळात दक्षिण अमेरिकेचा. भुईमूग, बटाटा, रताळे, मिरची हीही अमेरिकेकडचीच. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले, त्यानंतर ही पिके आपल्याकडे आली. ज्ञानोबारायांची समाधी १२९६ ची. म्हणजे माउलींच्या काळी साबुदाणा नाही, दाण्याचा कूट नाही, मिरचीसुद्धा नाही! हे सांगितले की मंडळी आधी हसतात, मग गप्प होतात.

मग नियम मोडला काय? नाही. नियम धान्य वर्ज्य करण्याचा. नवा कंद त्यात बसेना, म्हणून ताटात शिरला. वरई मात्र खरे तर तृणधान्यच, तरी आपण बिनदिक्कत खातो. उत्तरेकडे शिंगाड्याचे नि कुट्टूचे पीठ चालते.

परधर्मातही असेच आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासापूर्वी इंग्लंडात घरातली अंडी-लोणी संपवायला मंगळवारी धिरडी घालीत. उपास सैलावला, धिरडी राहिली. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राईल एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात, तो पोहे, खोबरे नि गुळाचा. नबी परमुलखाचा, ताट कोकणचे.

तेव्हा परगावच्या बंधूंनी खिचडीसाठी अडून बसू नये. तिथली केळी, नारळ, दूध पुरे. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साबुदाण्याच्या वाटेस जाऊ नये. तो जवळजवळ सगळा पिठूळ. औषध घेऊन अर्धी भाकरी खाल्ली म्हणून माळ तुटत नाही. ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ ही म्हण काय उगाच पडली?

हे ऐकून एका म्हाताऱ्या माउलीने विचारले, “मग भगरीत मिरची तरी घालू का न्हाई?”

घाला म्हटले, पण एकच.