ख्रिस्ताचे पुनरागमन आणि आपली सिद्धता

परीक्षेला दोन आठवडे उरले असताना आमच्या वसतिगृहात मोबाइलवरून एक संदेश फिरू लागला. अमुक तारखेला आकाशातून काहीतरी कोसळणार आणि पृथ्वीचा कारभार आटोपणार, असा त्याचा मथितार्थ. माझ्या खोलीसोबत्याने तो मोठ्याने वाचला आणि मला विचारले, "अरे, तुमच्या बायबलात तर हे लिहूनच ठेवलंय ना? मग तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अर्थशास्त्र कशाला घोकतोस?" सगळे हसले, मीही हसलो. ती तारीख आली आणि गेली, अर्थशास्त्राचा पेपरही झाला; परंतु मित्राच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नव्हते, ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून सुट्टीत थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. मी धर्मशास्त्राचा विद्यार्थी नव्हे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

जगबुडीच्या भाकितांचे आपल्याला नावीन्य नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही झाली तेव्हा देशात ठिकठिकाणी होमहवने झाली. जुलै १९७९ मध्ये 'स्कायलॅब' डोक्यावर पडणार म्हणून लोक धास्तावले होते. तिचे तुकडे पडले ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. डिसेंबर २०१२ ची हूल तर अनेकांच्या आठवणीत असेल. ख्रिस्ती श्रद्धेतील 'शेवटचा न्याय' ही मात्र या जातीची गोष्ट नाही. येशू ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे वाक्य ख्रिस्ती माणूस मंदिरात विश्वासांगीकार म्हणताना नेहमी उच्चारतो. त्यात तारीख नाही. उलट, तो दिवस आणि ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही आणि पुत्रालाही नाही, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात खुद्द येशूच सांगतो. ठाऊक नाही तर तयारी कशाची करायची, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्या बाबतीत नुसता पुस्तकी नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या गावी एका पाहुण्या उपदेशकाच्या सभा झाल्या. त्यांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. त्यात साम्राज्ये होती, श्वापदे होती, सालांची बेरीज-वजाबाकी होती आणि अगदी शेवटी ज्वाळा होत्या. त्याच आठवड्यात एकदा पहाटे मला जाग आली, तर शेजारी आई नव्हती. हाक मारली, उत्तर नाही. प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी एकटाच मागे राहिलो, अशी माझी खात्री झाली. रडत दार उघडले तो आई अंगणातल्या नळाखाली हंडा लावून बसलेली. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे चारला येई. पुढे कित्येक वर्षे मी पुनरागमनाचा विषय निघाला की सभेतून हळूच उठून जात असे.

आता वाचनाकडे वळतो. 'येणे' या अर्थी नव्या करारात जो ग्रीक शब्द वारंवार येतो तो 'पारूसिया'. राजा किंवा मोठा अधिकारी एखाद्या नगराला भेट देई, त्या आगमनालाही त्या काळी हाच शब्द वापरीत. अशा वेळी नगरवासी वेशीबाहेर जाऊन पाहुण्याला सामोरे जात व त्याला मानाने आत आणीत. या सामोरे जाण्याला 'अपान्तेसिस' म्हणत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल प्रभूला भेटण्याचे वर्णन याच शब्दाने करतो, आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात तेथेही हाच शब्द आहे. आपल्याला हे समजायला कठीण नाही. वऱ्हाड गावाच्या वेशीशी आले की वधूकडची मंडळी सीमांतपूजनाला निघतात, तसेच हे. म्हणजे मूळ कल्पना धाड पडण्याची नसून पाहुणा येण्याची आहे. चोर रात्री येतो ही उपमाही पौलाने दिली आहे खरी, पण ती येण्याच्या वेळेपुरती.

दहा कुमारींच्या दृष्टांतावर मी निदान सात-आठ प्रवचने ऐकली असतील. पाच शहाण्या जाग्या राहिल्या आणि पाच मूर्ख झोपल्या, अशीच माझी समजूत होती. मूळ मजकूर नीट वाचला तर तसे नाही. वराला उशीर झाला आणि दहाही जणी झोपल्या! फरक झोपेत नाही, तेलात आहे. शहाण्यांनी दिव्याबरोबर जास्तीचे तेल घेतले होते, इतकेच. डोळे ताणून आकाशाकडे बघत बसणे ही सिद्धता नव्हे, हे येथे किती सहज सांगून टाकले आहे! प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात, येशू वर घेतला गेल्यावर शिष्य आकाशाकडे पाहत उभे राहतात तेव्हा, असे उभे का राहिलात, असे त्यांना विचारलेले आहे.

हा प्रश्न थेस्सलनीका येथील मंडळीलाही विचारायला हवा होता. हे मासेदोनियातले बंदराचे शहर, रोमन हमरस्त्यावर वसलेले. तेथील विश्वासणाऱ्यांना पौलाने पहिले पत्र लिहिले ते सुमारे इ. स. ५० मध्ये; त्याच्या उपलब्ध पत्रांत बहुतेक अभ्यासक तेच सर्वांत जुने मानतात. त्यांची चिंता मोठी करुण होती. प्रभू लवकर येणार असे आपण धरून चाललो, पण आपल्यातली काही माणसे त्याआधीच वारली, त्यांचे काय? पौल त्यांचे सांत्वन करतो. परंतु दुसऱ्या पत्राचा सूर निराळा आहे. (हे पत्र पौलाचे की त्याच्या अनुयायाचे, यावर विद्वानांत वाद आहे, आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही.) प्रभूचा दिवस येऊन ठेपला अशी आवई तेथे उठली होती आणि काही जण कामधंदा सोडून लोकांच्या उठाठेवी करीत हिंडत होते. त्यांच्यासाठी वापरलेला शब्द रांग सोडलेल्या सैनिकालाही लावीत. या दोन गोष्टींचा संबंध अनेकांनी जोडला आहे. श्रीमंत आश्रयदात्यांच्या जिवावर जगण्याची सवय हे कारण असावे, असेही काही म्हणतात. पत्र त्यांना बजावते की स्वस्थपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, हे याच ठिकाणचे. हे वचन पुढे गरिबांच्या तोंडावर फेकले गेले, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. रोख ज्याला काम मिळत नाही त्याच्यावर नाही, ज्याला ते करायचे नाही त्याच्यावर आहे.

काम टाकून वाट पाहण्याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. विल्यम मिलर (१७८२-१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला. दानिएलाच्या पुस्तकातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असे धरून आणि इ. स. पूर्व ४५७ पासून मोजून त्याने १८४३ च्या सुमाराचा काळ काढला. ती मुदत मार्च १८४४ मध्ये टळली. मग त्याच्या अनुयायांपैकी एकाने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख सांगितली आणि हजारो लोकांनी ती मानली. कोणी दुकाने बंद केली, कोणी उभे पीक शेतात तसेच ठेवले. तो दिवस मावळला, रात्र सरली, २३ तारखेचे ऊन पडले. इतिहासात याला 'महान निराशा' म्हणतात. त्या लोकांना हसणे सोपे आहे, मला ते जमत नाही. तक्त्यासमोर बसलेला तो मुलगा मला ओळखीचा आहे. मिलरने मात्र आपली गणना चुकली हे उघडपणे कबूल केले. उरलेल्यांतून पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुनरागमनाची आशा त्यांनी सोडली नाही, पण तारखा सोडल्या आणि जगभर शाळा व रुग्णालये काढली. पुण्यातले स्पायसर महाविद्यालय याच पंथाचे. वाट पाहणाऱ्यांनी विटांच्या पक्क्या इमारती बांधाव्यात, यात मला विसंगती दिसत नाही. उशिरा का होईना, त्यांनी तेल भरून घेतले असे मी म्हणेन.

त्याच देशात चौसष्ट वर्षांपूर्वी एक निराळा प्रसंग घडला होता. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भर दिवसा काळोख झाला. कोंबड्या खुराड्यात शिरल्या, घरोघर मेणबत्त्या लागल्या, लोक चर्चमध्ये धावले. न्यायाचा दिवस आला अशी बहुतेकांची समजूत झाली. हार्टफर्ड येथे कनेक्टिकटच्या विधिमंडळाची बैठक चालू होती. कनिष्ठ सभागृह तहकूब झाले. वरिष्ठ मंडळातही तसाच प्रस्ताव आला, तेव्हा अब्राहम डेव्हनपोर्ट या सभासदाने विरोध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की न्यायाचा दिवस आला नसेल तर तहकुबीचे कारण नाही, आणि आला असेल तर मी माझे काम करताना सापडावे हे बरे; तेव्हा मेणबत्त्या आणा. व्हिटिअर या कवीने पुढे या प्रसंगावर कविता लिहिली. त्या काळोखाचे कारण आता उलगडले आहे. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतातल्या जुन्या झाडांच्या खोडांवरील वणव्याच्या खुणा अमेरिकन संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्या वर्षी तेथे प्रचंड वणवा पेटला होता असे दिसले. त्याचा धूर धुक्याबरोबर पसरला होता. पण डेव्हनपोर्टला हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची त्याला गरजही पडली नाही.

येथे लेख संपवता आला असता. मित्राला उत्तर मिळाले होते की म्हणूनच मी अर्थशास्त्र घोकतो. पण मत्तयाचा पंचविसावा अध्याय दहा कुमारींपाशी थांबत नाही. त्यापुढे मालकाने चाकरांना सोपवलेल्या द्रव्याचा दृष्टांत आहे. त्यातला एक टॅलंट म्हणजे मजुराची सहा हजार दिवसांची मजुरी, जवळजवळ वीस वर्षांची कमाई. भीतीपोटी ती पुरून ठेवणाऱ्याला मालक शाबासकी देत नाही. आणि मग खुद्द न्यायाचे दृश्य येते. राजा मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे करतो. आपण काय विचारले जाईल असे समजतो? विश्वासांगीकार पाठ आहे का, तारीख बरोबर काढली होती का, नेमून दिलेले काम केले का? यातले काहीच नाही. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट, एवढेच. आणि मला हलवून सोडते ती गोष्ट अशी की दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. आम्ही तुला केव्हा पाहिले, असे उजवीकडचेही विचारतात आणि डावीकडचेही. डावीकडच्यांनी आपापला कामधंदा चोख केला नसेल असे कोठे म्हटलेले नाही. डेव्हनपोर्टचे उत्तर येथे अपुरे पडते.

या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर महाराष्ट्रातच पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सुकलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. तेथे प्रार्थना होती, तसेच विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. त्याच बाई मूळ हिब्रू-ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत बसल्या, ते ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत. त्यांच्या काही धार्मिक मतांशी माझे जुळत नाही. पण दुष्काळात त्या आकाशाकडे पाहत उभ्या राहिल्या नाहीत.

आता एक कबुली. मी या लेखाची टाचणे काढीत होतो त्या दिवसांत आमच्या मेसमधला वाढपी पोरगा दिसेनासा झाला. त्याला विषमज्वर झाला असून तो सरकारी दवाखान्यात आहे, असे कोणीतरी जेवताना म्हणाले. मी ऐकले, आणि वर खोलीत येऊन मेंढरे व शेरडे यांवरचे परिच्छेद उतरवून काढले. त्या तीन दिवसांत माझा खोलीसोबती, तोच, ज्याने मला प्रश्न विचारला होता, रोज संध्याकाळी कोठे तरी जाऊन येत असे. पेजेचा डबा धुताना मी त्याला पाहिले तेव्हा विचारले. तो म्हणाला, "अरे, त्याचं इथं कुणीच नाही ना." यात विशेष काही केले असे त्याला वाटतही नव्हते.

चौथ्या दिवशी मी गेलो. त्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. पोराचा भाऊ सकाळी येऊन त्याला गावी घेऊन गेला, असे परिचारिकेने सांगितले. गाव कोणते ते तिला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, दोन वर्षे तो मला वाढत होता.