विटलेली लाल शाई

धरणगावच्या शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. उजव्या डोळ्याला लाल शाई लालभडक दिसे, डाव्याला विटलेली. डोळा फिरवला की कळ यायची. नंबर वाढला असेल म्हणत मी पाच आठवडे घालवले. जळगावला एमआरआय केला तेव्हा नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच एमएस. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडत होती.

तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं आणि नजर परतली. चूक झाली ती यानंतर. स्टेरॉइडने पेटलेला भडका विझतो, पुढचे भडके रोखायला वेगळं औषध लागतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मला रिटक्सिमॅब सुरू झालं, दर सहा महिन्यांनी. ते रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या बी पेशी काढून टाकतं, त्यामुळे टी पेशींना चिथावणी मिळणं कमी होतं. पहिला डोस घेतला, पुढचा टाळला. बरी आहे, मग खर्च कशाला? घरच्यांनाही पटलं. चौदा महिन्यांनी उजवा पाय ओढू लागला. जिना चढताना तो आजही अडखळतो.

संधिवात असलेल्या वन्सं म्हणाल्या, "माझंच इंजेक्शन घेऊन बघ, दोन्हीकडे सूजच ना?" त्यांचं औषध टीएनएफ नावाचा दाहाचा संदेश अडवतं. बरं झालं, आधी विचारलं. टीएनएफ अडवणाऱ्या लेनरसेप्टच्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले, तेव्हा एमएसच्या रुग्णांचे झटके उलट वाढलेले दिसले. सांध्याला जे मानवतं, ते मज्जातंतूंना घातक ठरू शकतं. म्हणून सांधेदुखी किंवा सोरायसिससाठी कुठेही गेलात तरी एमएस आहे हे आधी सांगा.

रिटक्सिमॅबआधी कावीळ-बी आणि क्षयाची तपासणी मागून घ्या, लसींचंही विचारा. औषध चालू असताना ताप अंगावर काढू नका.

आपल्या खानदेशातल्या मे महिन्याचं वेगळं. उन्हाने जुनी लक्षणं डोकं वर काढतात, गारव्यात बसलं की उतरतात. त्याला झटका समजून घाबरू नका. पण नवं लक्षण चोवीस तास टिकलं, तर डॉक्टरांना गाठा.

आणि पैसे नसतील, तर तारीख चुकवण्याआधी तसं डॉक्टरांना सांगा. मी सांगितलं नव्हतं.