पक्षाघात: हात मेलेला नसतो, निरोप तुटलेला असतो



सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरताना पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरी एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो, "ताई, हात मेला का?" कोणी म्हणते अंगावरून वारे गेले, कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली. मग हाताला तेल चोळतात, काही घरांत कबुतराचे रक्तही लावतात. उपचार सगळे हातावर होतात. बिघाड मात्र डोक्यात असतो. तो नेमका कोठे होतो, हे या पाठात समजून घेऊ.

दोन निरोपे

हात उचलावा असे मनात आले की मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत दोन टप्प्यांत पोहोचतो. मेंदूच्या वरच्या थरात हालचालीचे केंद्र असते. तेथील चेतापेशींचे लांब धागे खाली उतरतात, मेंदूच्या तळाशी त्यांतले बहुतेक धागे बाजू बदलतात आणि पाठीच्या मणक्यांमधल्या मज्जारज्जूत जातात. हा पहिला निरोप्या. मज्जारज्जूतली दुसरी चेतापेशी तो हुकूम घेऊन स्नायूला देते. हा दुसरा निरोप्या. धागे बाजू बदलतात म्हणूनच मेंदूची डावी बाजू बिघडली तर उजवा हातपाय लुळा पडतो. बहुतेकांचे बोलण्याचे केंद्रही डावीकडेच असते, त्यामुळे अशा रुग्णाची वाचाही अनेकदा जाते.

पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. रक्त न मिळालेल्या पेशी मरू लागतात आणि पहिल्या निरोप्याची वाट तुटते. दुसरा निरोप्या आणि स्नायू मात्र जिवंत असतात. पोलिओत याच्या उलट होते. तेथे दुसरा निरोप्याच मरतो, म्हणून पाय सैल राहतो आणि बारीक होत जातो.

सैल हात पुढे ताठ का होतो?

सुरुवातीला हात सैल लोंबतो. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तो अनेकदा ताठू लागतो, कोपर वाकते, मूठ घट्ट मिटते. मेंदूकडून जसा "हल" असा हुकूम येतो, तसाच "आवर" असाही येतो. तो आवर सुटला की दुसरा निरोप्या स्नायूला आखडतच ठेवतो.

एका पाड्यावर चाळिशीतल्या एका बाईच्या घरी मी गेले होते. रुग्णालयात नेईपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. मूठ इतकी घट्ट मिटली होती की नखे तळव्यात रुतत होती. घरच्यांच्या मनात वेगळाच संशय होता. सांगितले तर हात हलत नाही, पण जांभई आली की तोच हात आपोआप वर जातो! सासूला वाटे सून नाटक करते. शेजारी म्हणत अंगात काहीतरी आहे. मी त्यांना समजावले की जांभईचा हुकूम मेंदूच्या खालच्या, जुन्या वाटेने येतो. ती वाट शाबूत असली की काही रुग्णांचा हात असा उचलतो. यात ढोंग नाही आणि भूतही नाही. त्या दिवशी सासूने पहिल्यांदा सुनेची मूठ हळूहळू उघडून तळवा पुसला.

घड्याळ पाहा

मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्याआधी सिटी स्कॅन करावा लागतो, कारण वाहिनी फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. म्हणून चार गोष्टी पाठ करा:

१. चेहरा: हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का?
२. हात: दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली येतो का?
३. बोलणे: शब्द अडखळतात का?
४. वेळ: यातले एक जरी दिसले तरी लगेच १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगा.

वाट पाहताना पाणी, चहा किंवा गोळी तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायूही दुबळे झालेले असतात, घोट फुप्फुसात जाऊ शकतो. थोड्या वेळात हातपाय आपोआप बरा झाला तरी रुग्णालयात न्या, ती पुढच्या झटक्याची सूचना असू शकते. भगतबाबांवर कोणाची श्रद्धा असेल तर मी वाद घालत नाही. एवढेच सांगते, आधी गाडी, मग बाकी सगळे.

घरी आल्यावर

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेला मेंदू सरावाने नव्या वाटा धरू शकतो. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त वेगाने होते, पुढेही सराव सोडू नये. नुसत्या चोळण्याने मेंदू शिकत नाही; रुग्णाने स्वतः हालचालीचा प्रयत्न करावा लागतो. फिजिओथेरपिस्टला विचारून घरातलीच कामे द्या: पेला धरणे, शेंगा सोलणे, दाणे वेचणे. रोज, पुन्हा पुन्हा. उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. झोपून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला.

पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने उपकेंद्रात जाऊन तो मोजून घ्यावा. गोळी सुरू झाली असेल तर बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नये. तंबाखू आणि बिडी सोडावी, जेवणात वरून मीठ घेऊ नये.

हा पाठ तुमच्या पाड्यावरच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि त्या दिवशी आशाताईंनाही बोलवा.