सलाईन : हाताने की पंपाने?

सलाईन लावलेल्या रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. बाटली लवकर संपत नसेल, तर "डॉक्टर, जरा जोरात सोडू का?" आणि शेजारच्या खाटेला पंप दिसला, तर "आमच्या पेशंटला मशीन का नाही?" या दोन्ही प्रश्नांचा विचार आज करू.

साधी सलाईन उंचावर टांगलेल्या बाटलीतून आपल्या वजनाने खाली उतरते. नळीवरचे छोटे चाक फिरवले की नळी दाबली जाते किंवा मोकळी होते आणि वेग बदलतो. मोठ्या माणसांसाठीच्या नेहमीच्या नळीत साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. या हिशेबाने ५०० मिलिलिटरची बाटली ८ तासांत द्यायची तर मिनिटाला सुमारे २१ थेंब, ४ तासांत द्यायची तर सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. सिस्टर घड्याळाकडे पाहून मोजतात ते हेच. पण लावलेला वेग टिकत नाही. रुग्णाने हात दुमडला, कूस बदलली, बाटली वर-खाली झाली, की थेंब कमी-जास्त होतात. म्हणून ते पुन्हा पुन्हा मोजावे लागतात.

एरवी धडधाकट असलेल्या, जुलाबाने अशक्त झालेल्या माणसाला चार-दोन थेंबांच्या फरकाने काही बिघडत नाही. त्याला पंपाची गरज नसते. पण रक्तदाब टिकवणारे औषध, शिरेतून दिले जाणारे इन्सुलिन किंवा नवजात बाळाची सलाईन यांत तासाला एखाद-दुसऱ्या मिलिलिटरचा फरकही महागात पडतो. पोटॅशियम शिरेतून वेगाने गेले तर हृदय बंद पडू शकते. अशा ठिकाणी पंपच हवा. त्याला थकवा येत नाही, डुलकी लागत नाही आणि नळी अडली तर तो आवाज करून सांगतो.

मात्र पंपाला रुग्ण दिसत नाही. त्याला दिसतो फक्त आकडा. १ ऐवजी १० भरले, तर तो दहापट औषध तितक्याच इमानाने ढकलतो. सुई शिरेतून निसटली तरी पुष्कळदा तो थांबत नाही. औषध कातडीखाली साठत राहते. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अशा पंपांशी संबंधित अपायांचे सुमारे ५६,००० अहवाल आले. सॉफ्टवेअरमधील दोष, वापरणाऱ्याला गोंधळात टाकणारी रचना आणि यांत्रिक व विजेचे बिघाड ही त्यामागची मुख्य कारणे होती. २०१० मध्ये त्या खात्याने पंप सुधारण्याची खास मोहीम हाती घेतली.

तेव्हा वेग पंपाने सांभाळला तरी रुग्णावर नजर माणसानेच ठेवायची असते. त्यात नातेवाईकांचा वाटा असा :

१. चाक किंवा पंपाचे बटण स्वतः फिरवू नका. हृदय वा मूत्रपिंड कमजोर असेल, तर घाईने गेलेले पाणी फुप्फुसांत साठून धाप लागते. शिवाय बाटलीत औषध मिसळलेले असू शकते.

२. सुईजवळ सूज, आग किंवा दुखणे, तसेच थंडी वाजणे, धाप लागणे असे काही दिसले, तर लगेच सिस्टरना बोलवा. बाटली संपण्याची वाट पाहू नका.

३. पंप वाजू लागला तर आवाज बंद करू नका. तो का वाजतो आहे, हे सिस्टरना पाहू द्या.

४. लाईट गेली तर पंप काही वेळ बॅटरीवर चालतो. तरीही सिस्टरच्या कानावर घाला.

५. सलाईन सुरू होताच विचारा, "ही किती वाजेपर्यंत संपायला हवी?" ती वेळ कागदावर लिहून ठेवा. बाटली फार लवकर उतरली किंवा फार रेंगाळली, तर तसे सांगा. हाताने लावलेली सलाईन असो वा पंपाने, एवढी साधी चौकशी दोन्हीकडे उपयोगी पडते.